घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून मला पुन्हा पुन्हा ऐकू येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत, आणि त्यांत माझी मतंही आहेत. त्यातलं सर्वांत ठाम मत आधीच सांगतो: रेकॉर्डिंग चांगलं होणार की वाईट, हे बहुतेक वेळा तोंड आणि माइक यांच्यामधल्या वीतभर हवेत आणि ती हवा ज्या खोलीत आहे त्या खोलीत ठरतं. सॉफ्टवेअरची पाळी त्यानंतर येते.

सुरुवात करायला कमीत कमी काय लागतं?

संगणक, ऑडिओ इंटरफेस, एक माइक, स्टँड, एक्सएलआर केबल (माइक इंटरफेसला जोडणारी), पॉप फिल्टर (माइकपुढे लावायची जाळी) आणि कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन. माइकमधून येणारा क्षीण संकेत वाढवून त्याचे आकडे करायचे आणि परत येताना आकड्यांचा आवाज करायचा, एवढं काम ती इंटरफेस नावाची डबी करते. एका वेळी एकच जण गाणार असेल तर दोन इनपुटचा इंटरफेस भरपूर झाला. स्टँड मात्र जड आणि न डगमगणारा घ्या. माइक हातात धरून गायलं की अंतर दर ओळीला बदलतं, आणि दोन टेक, म्हणजे त्याच गाण्याची दोन वेळची रेकॉर्डिंगं, एकमेकांना जोडता येत नाहीत.

१९७९ मध्ये टीॲक कंपनीचा पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे भरता येणारे चार आवाज, एवढीच त्याची ताकद, आणि तेवढ्यावर लोकांनी घरात बसून गाणी उभी केली. आजचा सर्वांत साधा इंटरफेससुद्धा खरखर आणि स्पष्टपणा या दोन्ही बाबतींत त्याच्या कितीतरी पुढे आहे. त्यामुळे ‘अजून सामान जमलं की सुरू करू’ असं म्हणून थांबू नका.

मोबाइलवर केलं तर?

चाल सुचली, मुखडा सुचला, तर मोबाइलच बरा. गाणं पक्कं करताना अडचण येते, कारण बरेच फोन आवाजाची पातळी आपणहून वर-खाली करतात. तुम्ही हळू गायलात की फोन आवाज वाढवतो, तार सप्तकात गेलात की दाबतो. गाण्यातला चढउतारच सपाट होतो. फोनच वापरायचा असेल तर ही आपोआपची ढवळाढवळ बंद करता येणारं ॲप शोधा.

माझा आवाज बाथरूममध्ये गायल्यासारखा येतो. कोणता प्लगइन वापरू?

कोणताच नको. प्लगइन हे सॉफ्टवेअरला जोडायचं साधन, आणि हा खोलीचा प्रश्न आहे. माझं पहिलं पूर्ण गाणं मी फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत रेकॉर्ड केलं आणि नंतर कित्येक दिवस तो घुमारा काढायच्या मागे लागलो. तो निघाला नाही. शेवटी पलंगावरच्या दोन रजया पाठीमागे टांगून तेच गाणं पुन्हा गायलो, आणि एका संध्याकाळीत काम झालं.

यामागचं कारण समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. लहान खोलीत भिंतीवर आपटलेला आवाज काही मिलिसेकंदांतच माइकपाशी परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. परतलेल्या आवाजाने ३४ सेंटीमीटर जास्तीचा प्रवास केला असेल, तर ५०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना मारतात, मग १५०० ला, मग २५०० ला. स्वराला जागोजागी खड्डे पडतात. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे. मोठ्या सभागृहाचा घुमारा गोड लागतो आणि छोट्या खोलीचा टोचतो, याचंही मोठं कारण हेच.

खोलीत टाळी वाजवून बघा. ‘टर्रर्र’ असा शेपटीसारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकमेकींशी खेळताहेत असं समजा. खोलीच्या अगदी मध्यभागी किंवा कोपऱ्यात उभे राहू नका. जाड रजई, गोधडी, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांची भरलेली मांडणी, हे सगळं उपयोगी आहे.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. लोक माइकच्या मागे रजई लावतात. पण गाण्यासाठी वापरला जाणारा कार्डिऑइड माइक पुढचं ऐकतो आणि त्याची पाठ जवळजवळ बहिरी असते. माइकच्या पुढे कोण? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून रजई तुमच्या पाठीमागे लावा, जमल्यास दोन्ही बाजूंनाही. ती भिंतीला चिकटवू नका, दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे टांगा. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे तिथे कापडाला शोषायला फारसं काही मिळत नाही. थोडं पुढे आलं की तीच रजई जास्त काम करते.

अंड्यांच्या ट्रेचा उपयोग नाही. पातळ फोम वरच्या कंपनांची चमक खातो आणि खालचं सगळं तसंच ठेवतो, म्हणून असे तुकडे चिकटवलेल्या खोल्या मंद पण तरीही घुमणाऱ्या होतात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिला अडवायला काही इंचांचा स्पंज पुरणार नाही.

मग शेजारच्यांचा आवाज आत येणार नाही ना?

येईल. घुमारा कमी करणं वेगळं आणि बाहेरचा आवाज थांबवणं वेगळं. दुसऱ्यासाठी वजनदार भिंती आणि फटी बंद लागतात. रजयांनी ते होत नाही. शांत वेळ निवडा, पंखा बंद करा, दाराखालची फट कापडाने बुजवा.

कंडेन्सर माइक घेऊ की डायनॅमिक?

कंडेन्सर नाजूक तपशील पकडतो आणि त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून येणारी वीज, लागते. डायनॅमिकला ती लागत नाही, पण त्याचा संकेत क्षीण असल्याने गेन (संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) बराच वाढवावा लागतो. हळुवार गळा आणि साधा इंटरफेस असेल तर त्यात खरखर वर येते.

‘डायनॅमिक माइक खोली ऐकत नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यावर मात्र विसंबू नका. दोन्ही माइकचा नमुना कार्डिऑइड असेल आणि अंतर सारखं असेल, तर खोली दोघांनाही साधारण तितकीच ऐकू येते. डायनॅमिक माइक ओठांजवळ धरून गायची सवय असते, म्हणून त्यात खोली कमी वाटते. गुण अंतराचा आहे. खोली सांभाळलेली असेल तर माझी पसंती कंडेन्सरला. ती सांभाळणं शक्यच नसेल, तर डायनॅमिक घ्या आणि जवळून गा. शुअरचे एसएम५७ आणि एसएम५८ हे माइक अनुक्रमे १९६५ आणि १९६६ पासून बनताहेत आणि आजही त्यांनी काही अडत नाही. पहिलं वाद्यांना, दुसरं गळ्याला, असा रिवाज असला तरी उलट वापरूनही बघा.

माइकपासून किती लांब उभं राहायचं?

एक वीत. अंगठा ओठांना आणि करंगळी माइकच्या जाळीला लागेल इतकं. तिथून सुरुवात करा आणि मग कानाने ठरवा.

अंतर निम्मं झालं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे जवळ गेलात की तुम्ही मोठे आणि खोली लहान. पण कार्डिऑइड माइकच्या फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. कुजबुजत्या, जवळिकीच्या गाण्याला तो भरदारपणा शोभतो. दाट वाद्यमेळात तोच आवाज चिखलासारखा होतो. मंचावर गाणारे तार स्वराला माइक दूर नेतात, तसंच घरीही करा: वरच्या स्वराला अर्धं पाऊल मागे, खालच्या स्वराला परत जागेवर. ही हालचाल रियाजात बसवली की नंतर कंप्रेसरचं, म्हणजे मोठे स्वर आपोआप आवरणाऱ्या साधनाचं, अर्धं काम वाचतं.

प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि माइकवर ‘भप्’ असा ठोका बसतो. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं पुढे ठेवा. स, श आणि ‘चमचा’तला च यांची शीळ टोचत असेल, तर माइक ओठांच्या रेषेतून किंचित वर किंवा बाजूला घ्या, तोंड मात्र होतं तिथेच ठेवा. शीळ सरळ पुढे जाते, स्वर सगळीकडे पसरतो, त्यामुळे इतक्याशा बदलानेही फरक पडतो.

रेकॉर्डिंगची लेव्हल किती ठेवू? मीटर लाल होईपर्यंत?

अजिबात नाही. सर्वांत मोठी ओळ गाताना काटा उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या आसपास पोहोचला की थांबा. २४ बिटमध्ये हळूतल्या हळू आणि मोठ्यातल्या मोठ्या आवाजातला सैद्धांतिक आवाका सुमारे १४४ डेसिबलचा आहे, १६ बिटमध्ये ९६ चा. तुमच्या खोलीतली शांतताही इतकी खोल नसते, त्यामुळे कमी लेव्हलने काही गमावत नाही. शून्याला धडकून फाटलेला स्वर मात्र पूर्ववत होत नाही. आणि तपासणीसाठी गाताना आपण अंग चोरतो, खऱ्या टेकला आवाज लागतो. ती जागा आधीच सोडा.

सॅम्पल रेट ४४.१, ४८ की ९६ किलोहर्ट्झ?

४४.१ किंवा ४८. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो दर. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि एखादं कंपन पकडायला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त दर लागतो. सीडीचा ४४.१ यातूनच आला, व्हिडिओचा शिरस्ता ४८ चा. ९६ ने फायली दुप्पट होतात, गाणं नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या थोडा वर जातो, यावरून जागेचा हिशेब करा. महत्त्वाचं हे की सुरुवातीला एकच दर ठरवा आणि तोच ठेवा. ४८ ची फाइल ४४.१ म्हणून वाजली तर गाणं रेंगाळतं आणि सुमारे दीड अर्धस्वर खाली उतरतं.

हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा येतो.

संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. आणि हा उशीर जाताना-येताना दोन्हीकडे लागतो. रेकॉर्डिंगला बफर लहान, मिक्सिंगला (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) मोठा. विंडोजवर इंटरफेसबरोबर मिळणारा असिओ ड्रायव्हरच (उशीर कमी ठेवणारं जोडणीचं सॉफ्टवेअर) लावा. सर्वांत सोपा उपाय इंटरफेसवरच असतो: डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की तुमचा आवाज संगणकाची वारी न करता थेट कानात येतो.

सूर आणि लय आधी कशी पक्की करायची?

आधी पट्टी. पेटी वापरणार असाल तर ट्यूनरवर तिचा एक स्वर मोजा. सगळ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापात लावलेल्या नसतात, आणि पेटीचे सूर आयत्या वेळी हलवता येत नाहीत. तानपुरा, गिटार, कीबोर्ड हे सगळे हलतात, म्हणून पेटी जिथे आहे तिथे बाकीच्यांना आणा. ‘काळी चार’ म्हणून सगळे बसले आणि प्रत्येकाची काळी चार किंचित वेगळी निघाली, तर मिक्समध्ये ते निस्तरत नाही.

लयीसाठी मेट्रोनोमच्या टिकटिकीऐवजी कानात ठेका द्या. त्याच लयीत ठेवलेला केरवा किंवा दादरा ऐकत गायलं की समेवर येणं सहज होतं आणि गाण्याचा डौल टिकतो. मोकळा आलाप असेल तर टिकटिक नकोच, फक्त तानपुरा ठेवा. एका कानावरचा हेडफोन काढून गाणार असाल, तर त्या बाजूचा आवाज बंद करा, नाहीतर ठेका माइकमध्ये शिरतो.

तबला आणि पेटी घरी कशी रेकॉर्ड करावी?

एकच माइक असेल तर तो तबला-डग्ग्याच्या मधोमध, वरून दीड-दोन फुटांवर, वाजवणाऱ्याच्या हाताला न लागेल असा. किंचित इकडे-तिकडे हलवून चाट आणि घुमारा यांचा तोल साधा. दोन माइक असतील तर प्रत्येक आपल्या वाद्याच्या जितका जवळ, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवण्याचा प्रयत्न करा. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून ऐका आणि ज्या बाजूला डग्गा भरलेला लागतो ती ठेवा. डग्ग्याचा ट्रॅक खालून कापण्याची, म्हणजे खर्जाची कंपनं काढून टाकण्याची, घाई नको. गळ्याला लावलेला फिल्टर सवयीने सगळ्या ट्रॅकना लावला जातो आणि मग घिस्सा गायब होतो.

पेटीत भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट हे दोन शत्रू आहेत. माइक वरून, दोन फुटांवर, भात्यापासून लांब. गाताना स्वतःच पेटी वाजवत असाल, तर माइक तोंडाच्या थोडा खालून वर बघणारा लावा, म्हणजे त्याची बहिरी पाठ पेटीकडे होते. तरीही माझा सल्ला हाच की आधी पेटी आणि कच्चं गाणं एकत्र घ्या, मग पेटीवर गाणं वेगळं गा.

सारखी ‘घूं’ ऐकू येते.

विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. सगळी उपकरणं विजेच्या एकाच पट्टीवर लावा. माइकला संतुलित (एक्सएलआर) केबलच वापरा. गिटार असेल तर इंटरफेसच्या वाद्यासाठीच्या इनपुटमध्येच घाला आणि गिटार हातात धरून जागेवर फिरून बघा. एखाद्या दिशेला गुणगुण पडते.

कोणतं सॉफ्टवेअर?

मॅकवर गॅरेजबँड, इतरत्र रीपर किंवा आर्डर. ऑडॅसिटीही चालेल. एक निवडा आणि वर्षभर बदलू नका.

टेक किती घ्यावेत? ऑटोट्यून वापरणं चूक आहे का?

गळा तापल्यावर तीन ते पाच पूर्ण टेक. मग प्रत्येक ओळीचा सर्वोत्तम तुकडा निवडून एक गाणं बांधायचं. विसाव्या टेकला सूर कदाचित नेमका येतो, पण शब्द मेलेले असतात. निवडताना मी डोळे मिटून, लहरींकडे न बघता ऐकतो.

सूर दुरुस्त करण्यात पाप काही नाही. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं, आता सगळीकडे आहे. पण आपल्या गाण्यात ते आपोआप चालू सोडू नका. त्याला बारा ठरलेल्या घरांची ओढ असते. मींड, आंदोलन, गमक ही त्याला चूक वाटते आणि ते ती सरळ करून टाकतं. एखादा टेकलेला स्वर उतरला असेल तर तेवढाच हाताने वर घ्या. मींडेला हात लावू नका.

ईक्यू आणि कंप्रेसर नेमके कसे लावायचे?

ईक्यू म्हणजे निवडक कंपनं कमी-जास्त करणारं साधन. आधी काढा, मग घाला. गळ्याचा ट्रॅक ८० हर्ट्झच्या खाली कापा. भारदस्त पुरुषी आवाजाला ६०-७० ला थांबा. २०० ते ५०० मध्ये कुठेतरी मळभ साचतं, तिथे दोन-तीन डेसिबल कमी करून ऐका. टोचणारी शीळ बहुधा ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये सापडते. एकट्या ट्रॅकवर सुंदर लागणारा ईक्यू सगळी वाद्यं लागल्यावर अनेकदा चुकीचा ठरतो, म्हणून निर्णय सगळं वाजत असतानाच घ्या. गाणं आणि पेटी एकाच जागेसाठी भांडत असतील, तर गाण्याला वर ढकलण्यापेक्षा पेटीला थोडी जागा सोडायला लावा.

कंप्रेसर म्हणजे मर्यादेवर गेलेल्या आवाजाला आवरणारा हात. ४:१ चं प्रमाण असेल तर मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेलेला स्वर २ च वर राहतो. गळ्यासाठी ३:१, ॲटॅक (आवरायला लागणारा वेळ) १०-२० मिलिसेकंद, मीटरवर ३ ते ५ डेसिबलची घट, इथून सुरुवात करा. ॲटॅक फार जलद ठेवला की व्यंजनांची धार जाते आणि शब्द पुसट होतात. कंप्रेसरआधी ओळींची पातळी हाताने वर-खाली करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते मिक्समधलं सर्वांत मोलाचं तेच.

रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, वेगळ्या ट्रॅकवर ठेवून हवा तितका पाठवा. २०-४० मिलिसेकंदांचा प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर, दिला की शब्द पुढे राहतात. रिव्हर्ब ऐकू यायला लागला की थोडा कमी करा.

फक्त हेडफोनवर मिक्स करता येतं का? गाडीत वेगळंच ऐकू येतं.

येतं, आणि ओळखीचे हेडफोन बिघडलेल्या खोलीतल्या स्पीकरपेक्षा बरे. लहान खोलीत स्पीकरचा खर्ज खोटा बोलतो: तीन मीटरच्या दोन भिंतींमध्ये ५७ हर्ट्झच्या आसपास लहर उभी राहते, ती एका जागी दणदणते आणि दुसऱ्या जागी नाहीशी होते.

आवाज एकाच, मध्यम पातळीवर ठेवा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला खर्ज तुलनेने कमी ऐकू येतो. रात्री हळू ऐकत मिक्स केलं की बेस जास्त पडतो, तो त्यामुळे. आवडतं तयार गाणं तेवढ्याच पातळीवर आणून तुलना करा. फोनच्या एका स्पीकरवर मोनोमध्ये शब्द कळतात का ते बघा. आणि कान जपा: ८५ डेसिबलला आठ तास ही अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस आहे, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो.

माझं गाणं इतरांपेक्षा हळू का वाजतं? मास्टरिंगला (गाणं बाहेर द्यायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्याला) किती लेव्हल ठेवू?

गाणी ऐकवणाऱ्या बहुतेक सेवा आता गाण्यांचा मोठेपणा सारखा करतात. मोजमाप एलयूएफएस या मोठेपणाच्या एककात होतं, आणि स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ आहे. तुम्ही उणे ८ पर्यंत पिळून दिलं तर ते ६ डेसिबल खाली आणतील. तुमचा चढउतार गेला तो गेलाच. मी उणे १४ ते उणे ११ मध्ये थांबतो आणि ट्रू पीक (लहरीचं खरं सर्वोच्च शिखर) उणे १ च्या वर जाऊ देत नाही, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं थोडी वर येतात.

बॅकअप?

तीन प्रती, दोन प्रकारच्या साठ्यांवर, एक घराबाहेर. रेकॉर्डिंग संपल्या दिवशीच.

तबलजी दुसऱ्या शहरात आहे. एकत्र काम कसं करू?

त्याला कच्चं गाणं ठेक्यासह वाव्ह फाइलमध्ये पाठवा, आणि सोबत सॅम्पल रेट, लय आणि पट्टी लिहून कळवा. फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी हवी, मध्येच कापलेली नको. सुरुवातीला चार मात्रांची मोजणी ठेवा. त्यानेही आपला ट्रॅक शून्यापासूनच, कोणताही रिव्हर्ब किंवा कंप्रेसर न लावता परत पाठवावा. तो आला की टाइमलाइनच्या सुरुवातीला ठेवा, पहिली सम जुळते का ऐका, आणि शेवटची समही ऐका. पहिली जुळली आणि शेवटची सरकली असेल, तर दोघांचे सॅम्पल रेट तपासा.